रस्त्याचीही चौकशी व्हावी

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज इथे जमलो आहोत, त्यांना भरलं आयुष्य लाभलं. केलेलं काम मागे ठेवून ते गेले. मी आज बोलणार आहे ते ज्यांना असं आयुष्य मिळालं नाही त्यांच्याविषयी. कुणी कामावरून सायकलने घरी निघालं होतं, कुणी रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर होतं, कुणी गणपतीला गावी चाललं होतं. त्यांच्या नावाने व्याख्यानं होत नाहीत. पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदला जातो, रुग्णालयातून शव ताब्यात मिळतं, वर्षभर घरात सण होत नाही, आणि रस्ता तसाच राहतो. त्या तशाच राहणाऱ्या रस्त्याविषयी मला बोलायचं आहे.

आपल्या पेण-रोह्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला, एसटीच्या चालकाला किंवा नाक्यावरच्या चहावाल्याला विचारा, 'हायवेवर अपघात कुठे होतात?' उत्तर देताना तो जागा सांगेल. वडखळचा नाका, सुकेळी खिंडीतला उतार, अमुक फाटा, तमुक पुलाचं तोंड. चालक रोज बदलतात, गाड्या बदलतात, ऋतू बदलतात, पण जागा त्याच राहतात. अपघाताचं सगळं कारण चालकाच्या बेफिकिरीत असतं, तर बेफिकीर माणसं जशी सगळीकडे विखुरलेली असतात तसे अपघातही रस्ताभर सारखे विखुरले असते. ते तसे नाहीत. ते साचतात. ज्या जागी ते साचतात, तिथे त्या जागेत काहीतरी बिघडलेलं असतं.

केंद्र सरकारनेही हे मान्य केलेलं आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे 500 मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तर तो तुकडा 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे अपघातप्रवण ठिकाण ठरतो. ही व्याख्या शांतपणे पुन्हा वाचा. एखाद्या ठिकाणाला सरकारी दखल मिळण्याआधी तिथे इतकी माणसं जावी लागतात. ती जाण्याआधी त्या जागेचा धोका ओळखता येतो, कारण तो कशामुळे निर्माण होतो हे आता नीट माहीत आहे. आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

आपला रस्ता

पूर्वी या मुंबई-गोवा महामार्गाला आपण 'सतरा नंबरचा हायवे' म्हणत होतो. 2010 साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि पनवेलहून कोकण, गोवा, कारवार, मंगळूर, केरळ असा कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा रस्ता 66 क्रमांकाचा झाला. त्यातला पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा पट्टा आपला. कर्नाळ्याची खिंड उतरली की खारपाड्याला पाताळगंगा, मग हमरापूर, पेण, वडखळ, गडब, कासू, आमटेम, नागोठणे, सुकेळी, खांब, कोलाड आणि पुढे इंदापूर. या पट्ट्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. कर्नाळा पक्षी अभयारण्यातली परवानगी, भूसंपादन, कंत्राटदाराची आर्थिक अडचण, कंत्राट रद्द होणं, नवी निविदा, डांबराऐवजी काँक्रीट करण्याचा निर्णय अशा वळणांनी ते दशकभराहून जास्त रखडलं. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, मुदती दिल्या गेल्या, त्या उलटल्या. हे सगळं तुम्ही अंगावर सोसलेलं आहे, त्यामुळे त्याची कहाणी मी तुम्हाला सांगत बसत नाही.

मला विचारायचं आहे ते वेगळं. याच पट्ट्यात हा रस्ता किती वेगवेगळी कामं एकाच वेळी करतो? तो मुंबई-गोवा वाहतुकीचा महामार्ग आहे. तो डोलवीच्या पोलाद कारखान्याचा आणि नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पाचा मालवाहू रस्ता आहे. धाटाव औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे टँकर कोलाडला याच रस्त्यावर येतात. वडखळला अलिबागकडे जाणारे पर्यटक याच्यावरून वळतात. आणि याच रस्त्याने गडबची मुलं शाळेत जातात, आमटेमच्या बायका बाजाराला निघतात, कातकरी वाड्यांतली माणसं वीटभट्टीच्या कामावर चालत जातात. ताशी 80 किलोमीटरने जाणारा ट्रेलर आणि ताशी चार किलोमीटरने चालणारी म्हातारी यांना आपण एकाच डांबरावर सोडलेलं आहे.

नेदरलँड्समधल्या रस्ते-अभियंत्यांनी 1990 च्या दशकात एक तत्त्व ठरवलं: रस्त्याचं काम एकच असावं. तो वाहून नेण्यासाठी असेल, तर त्याच्यावर वस्तीचे फाटे, दुकानं, पायी चालणारे नकोत. तो वस्तीसाठी असेल, तर तिथे वेग नको. दोन्ही कामं एकाच रस्त्याला लावली की माणसं मरतात. वडखळ आणि कोलाड ही या तत्त्वाच्या उल्लंघनाची ठळक उदाहरणं आहेत. वडखळला बाह्यवळण झालं तेव्हा गावातली कोंडी सुटली हे खरं. पण नव्या रस्त्याच्या कडेला काही वर्षांत नवी हॉटेलं, गॅरेजं, टपऱ्या उभ्या राहू दिल्या, तर जुनी समस्या नव्या जागी जाऊन बसते.

वेगाचं गणित

रस्ता जीवघेणा का होतो, हे समजण्यासाठी थोडं भौतिकशास्त्र लागतं. ते शाळेतलंच आहे.

गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की टक्कर चौपट जोराची. ताशी 30 किलोमीटरची धडक म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडणं. ताशी 50 ची धडक म्हणजे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून. ताशी 80 ची धडक म्हणजे पंचवीस मीटरवरून, आठव्या मजल्यावरून. आठव्या मजल्याच्या गच्चीला कठडा न बांधणाऱ्या बिल्डरला आपण गुन्हेगार म्हणू. पडलेल्या माणसाला 'तू काठाशी का गेलास' एवढंच विचारून थांबणार नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेवढंच विचारून थांबतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पादचाऱ्याला धडक देणाऱ्या गाडीचा वेग ताशी 50 वरून 65 झाला, की त्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते. फरक फक्त पंधरा किलोमीटरचा. चालकाला तो जाणवतही नाही.

आता दुपदरी रस्त्यावर ओलांडणी करण्याचा प्रसंग घ्या. पुढे पोलादाचा ट्रेलर रांगत चाललाय, मागे एक कार आहे. ताशी 80 च्या वेगाला ट्रेलर सुरक्षितपणे ओलांडण्यासाठी समोर 470 मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा, असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक सांगतं. नुसतं थांबायचं असेल तरी 120 मीटर लागतात. सुकेळीसारख्या वळणाच्या उतारावर 470 मीटर दिसतात का? रात्री डिपरवर हेडलाइटचा उजेड पन्नास-साठ मीटरपर्यंत पोचतो. आषाढातल्या पावसात तेवढंही दिसत नाही, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर जातं. ज्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांमध्ये एका पांढऱ्या पट्ट्याचंच अंतर आहे, तिथे एका चालकाच्या एका सेकंदाच्या चुकीच्या अंदाजाने समोरासमोर टक्कर होते. दोन्ही गाड्या ताशी 80 ने येत असतील, तर त्यांच्यामधलं अंतर सेकंदाला 44 मीटरने तुटत असतं.

19 जानेवारी 2023 च्या पहाटे आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यात रेपोलीजवळ याच महामार्गावर कार आणि ट्रकची टक्कर झाली. कारमधले एकमेकांचे नातलग असलेले किमान नऊ जण गेले. त्या पहाटे कोण चुकलं हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण एक प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे: दोन दिशांच्या मध्ये भक्कम दुभाजक असलेल्या रस्त्यावर अशी समोरासमोर टक्कर किती वेळा होते?

अर्धवट रस्ता

रस्त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोकादायक काळ कोणता? तो जुना असताना नाही, नवा झाल्यावरही नाही. तो अर्धवट असताना. आपला पट्टा इतकी वर्षं याच अवस्थेत राहिला, हे आपलं खरं दुर्दैव आहे.

अर्धवट रस्त्यावर काय होतं ते पाहा. चार पदरी काँक्रीटवर चालक ताशी 90 ला पोचतो, कारण रस्ताच त्याला ते सांगत असतो. मग दोनशे मीटरवर काम अपुरं राहिलेला पूल येतो आणि दोन्ही दिशांची वाहतूक एका बाजूला वळवलेली असते. वळवल्याचा फलक असला तर धुळीने माखलेला असतो. काल ज्या बाजूने जायचं होतं ती आज बंद असते. नव्या काँक्रीटची पातळी आणि साइडपट्टीची माती यांच्यात वीतभर फरक असतो. मोटारसायकलचं चाक त्या काठावरून उतरलं की ते परत वर चढत नाही, गाडी आडवी होते. दुभाजकात गावकऱ्यांनी सोयीसाठी तोडलेली वाट असते. रस्त्याकडेला टेललाइट नसलेला डंपर उभा असतो. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. पावसाळ्यातल्या रात्री त्या एका जागी जमल्या की जीव घेतात.

काम चालू असताना वाहतूक सुरक्षित कशी ठेवायची, याची संपूर्ण मानकं आपल्याकडे छापलेली आहेत. किती मीटर आधी फलक लावायचा, कुठला रंग, रात्री चमकणारे दिवे कुठे, वेग टप्प्याटप्प्याने कसा कमी करायचा, सगळं लिहिलेलं आहे. त्याचा खर्च कंत्राटातच धरलेला असतो. तो प्रत्यक्षात होतो की नाही, हे रोज पाहणारा माणूस नसतो.

तुलनेसाठी आपल्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट सांगतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं प्रवाहात गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरवला गेला होता. देश हादरला. न्यायिक चौकशी आयोग नेमला गेला. आणि जून 2017 मध्ये, वर्षही पुरं व्हायच्या आत, तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे हाच महामार्ग, हाच पाऊस, हीच यंत्रणा, आणि ठरवल्यावर काम होतं. चाळीस माणसं एका रात्रीत गेली तर आयोग बसतो. चाळीस माणसं चाळीस रात्रींत, एकेका फाट्यावर गेली, तर चाळीस पंचनामे होतात आणि त्यांची बेरीज कुणीही करत नाही.

रोह्याचं रेल्वे स्टेशन काय शिकवतं

कोकण रेल्वेचं शून्य किलोमीटर रोह्याला आहे. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहेच. मला ती आज वेगळ्या कारणासाठी हवी आहे.

4 मे 2014 रोजी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोह्याच्या दरम्यान निडी गावाजवळ रुळांवरून घसरली. सुमारे वीस प्रवासी गेले, शंभराहून जास्त जखमी झाले. तुमच्यापैकी अनेकजण त्या दिवशी मदतीला धावले असतील. त्या अपघातानंतर काय झालं? रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून चौकशी झाली. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नोकर नसतात. त्यांचं कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतं, ते मुद्दाम, म्हणजे ज्यांच्या चुकीची चौकशी करायची त्यांच्या हाताखाली ते असू नयेत. प्रवासी दगावले असतील तर रेल्वे कायद्यानुसार अशी चौकशी होते. त्यात रूळ तपासला जातो, जोड तपासला जातो, डबा तपासला जातो, वेग तपासला जातो. चालकाची चूक असली तरी चौकशी तिथे थांबत नाही. 'ती चूक इतकी महाग का पडली' हा पुढचा प्रश्न असतो.

कोकण रेल्वेवर 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्षभरात, 16 जून 2004 ला, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने काय केलं? चालकांना 'जपून चालवा' असं सांगून ती मोकळी झाली नाही. डोंगराचे कापलेले उतार कमी तीव्र केले, दगड अडवायला जाळ्या बसवल्या, कटिंगच्या ठिकाणी पावसाळ्यात चोवीस तास गस्त ठेवली, पाऊस मोजणारी यंत्रं लावली. आणि दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागू केलं. गाड्या मुद्दाम सावकाश चालतात, मुसळधार पावसात दिसेनासं झालं तर वेग ताशी 40 वर आणतात. प्रवाशांचा वेळ जातो. त्या वेळाच्या बदल्यात जीव वाचतात, हा सौदा रेल्वेने उघडपणे केला आणि आपणही तो मान्य केला.

रेल्वेने सगळे प्रश्न सोडवलेत असं मी म्हणत नाही. पण आणखी एक गोष्ट पाहा. चौकीदार नसलेल्या रेल्वे फाटकांवर वर्षानुवर्षं बैलगाड्या, ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या सापडत होत्या. रेल्वेने आधी 'थांबा, पाहा, जा' असे फलक लावले. माणसं मरतच राहिली. शेवटी ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकंच बंद केली, कुठे चौकीदार नेमले, कुठे भुयारी मार्ग काढले. 2019 च्या सुरुवातीला देशातल्या ब्रॉडगेज मार्गावरचं शेवटचं असं फाटक गेलं. माणसाला बदलण्यापेक्षा जागा बदलणं सोपं होतं, आणि जागा बदलल्यावर माणसं मरायची थांबली.

आता त्याच रोह्यापासून तेरा किलोमीटरवर कोलाडला महामार्गावर उभे राहा. तिथे अपघात झाला तर पोलीस येतात, पंचनामा होतो, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा चालकावर नोंदला जातो. वळणाचा उतार बरोबर होता का, फलक होता का, दिवा होता का, साइडपट्टी खचली होती का, हे प्रश्न त्या गुन्ह्याला पडत नाहीत. कारण तो गुन्हा माणसाविरुद्ध आहे, जागेविरुद्ध नाही. पोलिसांना मी दोष देत नाही. त्यांना जे विचारायला सांगितलं आहे, तेच ते विचारतात.

'पण चालक चुकतातच ना?'

हो, चुकतात. दारू पिऊन चालवतात, हेल्मेट घालत नाहीत, तिघे बसतात, उलट्या दिशेने येतात, मोबाइलवर बोलतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात अपघाती मृत्यूंपैकी 71 टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग म्हणून नोंदलं आहे. त्या वर्षी देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. म्हणजे तासाला एकोणीस. त्यात दुचाकीवरची 44 टक्क्यांहून जास्त आणि पायी चालणारी सुमारे 19 टक्के. महाराष्ट्रातले मृत्यू पंधरा हजारांवर. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के, पण मृत्यूंत त्यांचा वाटा 36 टक्के.

या आकड्यांतला शेवटचा आकडा पहिल्या आकड्याला प्रश्न विचारतो. दोन टक्के रस्त्यांवर जड आणि वेगवान वाहतूक जास्त असते, हे धरलं तरी 36 टक्के मृत्यू तिथे होतात, तेव्हा त्या रस्त्यांच्या रचनेकडे पाहावंच लागतं. अतिवेग हे कारण खरं आहे, पण ते अर्धं उत्तर आहे. ताशी 90 ने जावंसं वाटेल असा सरळ रुंद रस्ता बांधायचा, तो शाळेच्या दारातून न्यायचा, आणि मग 40 चा फलक लावून चालकाला दोषी धरायचं, ही रचनेची चूक आहे.

अमेरिकेत विल्यम हॅडन नावाचा डॉक्टर होता. 1966 साली तिथे रस्ते-सुरक्षेची संघीय यंत्रणा उभी राहिली, तेव्हा तो तिचा पहिला प्रमुख झाला. त्याने अपघाताकडे रोगासारखं पाहायला शिकवलं. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर. माणूस, वाहन आणि परिसर. या प्रत्येक ठिकाणी मृत्यू अडवता येतो. एक दार बंद झालं नाही तर दुसरं बंद करा. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन यांनी आयुष्यभर हेच मांडलं: उपदेशाने रस्ते सुरक्षित होत नाहीत, माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधावा लागतो. स्वीडनच्या संसदेने 1997 साली रस्त्यावर एकही मृत्यू मान्य नाही हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारलं. मग त्यांनी जुन्या रुंद दुपदरी रस्त्यांच्या मधोमध पोलादी दोरांचे कठडे घातले आणि ओलांडणीसाठी आलटून पालटून एकेका दिशेला जादा पदर दिला. नवी जमीन फारशी लागली नाही. अशा रस्त्यांवरचे मृत्यू कितीतरी पटींनी घटले. स्वीडनच्या चालकाला त्यासाठी साधुसंत व्हावं लागलं नाही.

लांब कशाला, खोपोलीपर्यंत जाऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं मेली. सेव्ह लाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि इतरांनी मिळून त्या रस्त्याचा प्रत्येक तुकडा तपासला. उघडे पुलाचे खांब, तुटलेले कठडे, कड्याकडेच्या मोकळ्या जागा, थांबलेले ट्रक, रुग्णवाहिका पोचायला लागणारा वेळ, सगळ्यांची यादी केली आणि एकेक दुरुस्त करत गेले. टाळेबंदीच्या आधीच्या 2019 साली मृत्यू 92 वर आले. चालक तेच होते, मुंबई-पुण्याचेच. रस्ता बदलला.

आपण काय मागायचं

व्याख्यान ऐकून घरी जाताना हातात काहीतरी असावं, म्हणून मी नेमकं सांगतो.

पहिली मागणी: या पट्ट्यावरच्या प्रत्येक प्राणांतिक अपघाताची जागेवर अभियांत्रिकी चौकशी व्हावी. पोलिसांचा गुन्हा होऊ द्या, त्याला समांतर रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेबाहेरच्या तज्ज्ञाने ती जागा पाहावी आणि अहवाल महिन्याभरात जाहीर करावा. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती अस्तित्वात आहे, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. आता अपघातांची जागा पोलीस संगणकीय प्रणालीत नोंदवतात. माहिती जमते आहे. ती गावाला दाखवा. कुठल्या किलोमीटरवर किती माणसं गेली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे.

दुसरी: मोटार वाहन कायद्यात 2019 साली 198-अ हे कलम आलं. रस्त्याच्या आखणीत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू झाला, तर जबाबदार यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवासमोर एक लाख ही रक्कम लाजिरवाणी आहे, तरी दार उघडलं आहे. वकील मंडळी इथे असतील, त्यांनी हे कलम वापरावं. वापरल्याशिवाय ते वाढणार नाही.

तिसरी: गावांच्या हद्दीत रस्ता दोन तुकड्यांत वाटावा. लांबची वाहतूक उन्नत मार्गाने किंवा बाह्यवळणाने, आणि गावाची सेवारस्त्याने. जिथे हे होईपर्यंत वर्षं लागतील, तिथे वेग कमी करणारी रचना आजच हवी. फलक पुरत नाही, रस्ता अरुंद भासला पाहिजे, रंबलर जाणवले पाहिजेत, पादचाऱ्याला मधोमध थांबायला सुरक्षित जागा मिळाली पाहिजे. भुयारी मार्ग बांधायचा तर शाळा आणि बाजार जिथे आहेत तिथे बांधा. तिथून पाचशे मीटर दूर बांधलेल्या भुयारी मार्गाने कुणी जात नाही, आणि मग लोक दुभाजक तोडतात. ते तोडणं चूक आहे, पण ती चूक आराखड्यातच पेरलेली होती.

चौथी: पावसाळी वेग. रेल्वे पावसाळ्यात सावकाश चालते, तर हायवे का नाही? गौरी-गणपतीत या मार्गावर जड वाहनांना बंदी घालतात आणि ती पाळलीही जाते. म्हणजे गरजेनुसार वाहतूक वेगळी करता येते, हे शासनाने दरवर्षी सिद्ध केलं आहे. मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी, खिंडीच्या आणि अर्धवट कामाच्या पट्ट्यात वेगमर्यादा उतरवणं आणि जड वाहनं रोखणं यात अशक्य असं काहीच नाही.

पाचवी मागणी आपल्याकडूनच आपल्याला. अपघातानंतर पहिल्या तासात जो मदत करतो तोच जीव वाचवतो, आणि तो बहुतेक वेळा शेजारच्या गावातलाच असतो. पूर्वी लोक पोलिसांच्या चकरांना घाबरत. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने आणि 2019 साली कायद्याच्या 134-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. त्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, रुग्णालय त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. आपल्या तरुण मंडळांनी, गणेशोत्सव मंडळांनी, माध्यमिक शाळांनी रक्तस्राव कसा थांबवायचा, मान न हलवता जखमीला कसं उचलायचं, हे शिकून घ्यावं. एका गावात दहा माणसांना हे येत असेल, तर त्या गावाजवळचा रस्ता काही प्रमाणात कमी जीवघेणा होतो. इतकं थेट आहे हे.

मित्रहो, मृत्यू अटळ आहे, पण पेणहून कोलाडला जाताना एका विशिष्ट किलोमीटरवर, एका विशिष्ट उतारावर, वर्षानुवर्षं होणारा मृत्यू अटळ नाही. तो बांधला गेलेला आहे, त्याचा आराखडा आहे, त्याला मंजुरी मिळालेली आहे, त्याचं बिल निघालेलं आहे. जे माणसाने बांधलं ते माणसाला दुरुस्त करता येतं. म्हणून यापुढे कुणी गेलं आणि आपण त्या घरी भेटायला गेलो, तर 'कोण चालवत होतं' यासोबत 'कुठे झालं आणि तिथे काय होतं' हेही विचारूया. ते कागदावर लिहूया, तारीख घालूया, आणि तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा नेऊया. रेल्वेचा अपघात झाला की कुणीतरी अधिकृतपणे हा प्रश्न विचारतो. रस्त्याचा अपघात झाला की तो विचारायचं काम, कायदा बदलेपर्यंत, आपल्याला करावं लागेल.